कापूस वेचणाऱ्या यंत्रापुढचा घास

दोहाकर मंडळी, मला कापूस वेचायच्या जुन्या यंत्रांचं वेड आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तीन वर्षं शोधत होतो ते यंत्र परवा जहाजातून उतरलं. आज सकाळी ट्रेलर चालवणारे यवतमाळचे गजाननभाऊ ते दोहाबाहेर, समैस्मा गावाजवळच्या समुद्रकाठच्या आमच्या शेडमध्ये घेऊन आले.

उतरवल्यावर आत डोकावलो, तर बोंडातून कापूस ओढणाऱ्या एका दातेरी चातीला चिमूटभर जुना, पिवळट कापूस चिकटलेला. मी लगेच ब्रश काढला.

"राहू द्या ना जी," गजाननभाऊ म्हणाले. मग आपला डबा उघडून त्यांनी दहीभाताचा एक घास कागदावर काढला, यंत्रापुढे ठेवला आणि हात जोडले.

"आमच्याकडे पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करतात, असाच दहीभाताचा घास ठेवतात. माय करायची."

मी हसलो. "भाऊ, इथे वाळवंटात हे काय वेचणार?"

"आता नाही जी. पण इतकी वर्षं वेचलाच ना यानं कापूस? याले कधी कोणी घास नसन ठेवला."

समुद्रावरून वारा आला. चातीवरचा कापूस हलत राहिला, आणि शेडबाहेरची वाळू मला क्षणभर फुटलेल्या बोंडांचं वावर वाटली. इतकी यंत्रं जमवली, प्रत्येकाचा नंबर माझ्या वहीत आहे. ती कोणाच्या वावरात राबली, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

ब्रश मी परत गाडीत ठेवून दिला आहे. तुम्ही असता तर तो कापूस काढला असता का?