फाटक्या कानाची हरिणी

जपानातल्या आमच्या नारा गावात लोक पहाटे उठतात. फार पूर्वी ज्याच्या दारात मेलेलं हरीण सापडे त्याची धडगत नसे. हरणं देवाची ना! म्हणून जो तो उजाडायच्या आत आपला उंबरा बघायचा, आणि खरंच काही पडलेलं असलं तर शेजाऱ्याच्या दाराकडे सरकवून पुन्हा अंथरुणात शिरायचा. शिक्षा गेली, सवय राहिली. मी टोफू करते, मला तसंही उठावंच लागतं. माझी शेजारीण इसोए मात्र वेगळ्याच कामासाठी उठायची.

इसोए मोठ्या बुद्धाच्या देवळाबाहेर हरणांची बिस्किटं विकते. कोंड्याची, कागदी पट्टीत बांधलेली. हरणं तिच्या गाडीला कधी तोंड लावत नाहीत, पण तीच बिस्किटं गिऱ्हाइकाच्या हातात गेली की त्याच्यावर तुटून पडतात. हा व्यवहार त्यांना कोणी शिकवला देव जाणे. बाई चणीने बारीक, आवाज मात्र खणखणीत. जूनमध्ये, पिल्लांच्या दिवसांत, ती दिवसभर पाहुण्यांवर ओरडत असते, "पिल्लाला हात लावू नका! माणसाचा वास लागला की आई टाकून देते!"

आणि हात लावला तो नेमका तिच्याच सुनेने.

तीन वर्षांपूर्वी. सून चिनात्सु ओसाकाची, शहरात वाढलेली. गरोदर बाईला पाचवा महिना लागला की आमच्याकडे देवळातून पोटपट्टा आणून बांधतात, तोही पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, कारण कुत्री सहज विते. पट्टा घेऊन सासू-सुना बागेतून येत होत्या. नेच्यात दडलेलं एक पिल्लू उठून आलं आणि इसोए ओरडेपर्यंत चिनात्सुने त्याच्या पाठीवरून हात फिरवलाही. मग त्याची आई आली. एक कान फाटलेली हरिणी. तिने पिल्लू हुंगलं, बराच वेळ हुंगलं, मान फिरवली आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात चिनात्सुचं बाळ पोटातच गेलं. कळ नाही, काही नाही. तपासणीला गेली तेव्हा ठोके नव्हते.

इसोए सुनेला एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून ही रोज पहाटे बिस्किटं घेऊन, हरणं ज्या देवाची त्याच्या मंदिरामागच्या रानाच्या कडेला जायची आणि त्या हरिणीपुढे वाकायची. हे तिने मला एकदा टोफू घेता घेता सांगितलं.

"ती मला ओळखते गं, हात्सुए. मी वाकते. ती खाते, पण वाकत नाही."

"अगं, बिस्किटासाठी इथलं शेंबडं हरीणसुद्धा वाकतं."

"तेच तर म्हणते. हीच वाकत नाही. राग गेला नाही तिचा."

"हरणांना एवढी अक्कल असती तर त्यांनी माझा वाळत घातलेला टॉवेल खाल्ला असता का?"

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती आधी हसते आणि मग शिवी देते.

यंदा चिनात्सुला पुन्हा दिवस गेले. पाचवा लागला, जून आला, कुत्र्याचा दिवस आला. आदल्या दिवशी इसोए माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "उद्या तू पण चल. पट्टा घ्यायचा, मोठ्या बुद्धाला भेटायचं, मंदिरात जायचं, आणि शेवटी तिला त्या हरिणीपुढे उभी करायची. माफी मागून घ्यायची."

"चिनात्सुला सांगितलंस हे?"

"तिला कशाला? ती नुसती वाकली की झालं."

मला ते मुळीच आवडलं नाही. म्हणूनच गेले.

सकाळी धुकं इतकं होतं की पोटपट्ट्याच्या देवळाचं छप्पर दिसत नव्हतं. इसोए पट्ट्यासाठी रांगेत उभी राहिली. ती पुढे सरकल्याबरोबर चिनात्सु माझ्या कानाशी आली.

"मावशी, परवापासून हलत नाहीये."

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात आत काहीतरी सुळसुळायचं. परवापासून काहीच नाही. मागच्या वेळीही असंच शांत झालं होतं."

"मग इथे काय करतेयस? दवाखान्यात जायचं ना!"

"गेले की ते सांगणार. सांगेपर्यंत तरी ते आहे ना?" तिने माझी बाही घट्ट धरली. "आईंना सांगू नका. त्यांचं देवदर्शन होऊ दे. मग तुम्ही न्याल तिकडे येते."

त्या दिवसांत बाळाचं हलणं कधी कळतं, कधी नाही, हे मला ठाऊक होतं. मी तिला सांगितलंही. पण सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. "संध्याकाळच्या आत दवाखाना," मी म्हटलं, "नाहीतर मी तुझ्या सासूला सांगते." तिने मान हलवली.

मोठ्या बुद्धाच्या देवळाच्या ओसरीवर लाकडाचा एक म्हातारा बसलेला आहे, लाल टोपी, लाल खांदवस्त्र. आपलं जे दुखतं तिथे त्याला हात लावायचा आणि मग स्वतःला लावायचा. हात लावून लावून त्याचे नाक-डोळे झिजून गेलेत. चिनात्सुने त्याच्या पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्या. पुन्हा त्याच्या, पुन्हा स्वतःच्या. मागे रांग खोळंबली तरी तिचं चालूच. मला त्या म्हाताऱ्याचा झिजलेला चेहरा त्या दिवशी बघवेना.

"एवढं काय मागतेयस गं?" इसोए कौतुकाने म्हणाली. "बाकीच्यांना शिल्लक ठेव थोडं!"

जेवायला बसलो तर पर्सिमनच्या झाडाच्या पानात बांधलेला भात चिनात्सुने उघडला आणि तसाच मिटून ठेवला. तिथेच मला पहिल्यांदा जाणवलं. हातात खाणं असलेल्या माणसाला आमची हरणं सुखाने बसू देत नाहीत. कोट ओढतात, ढुशा देतात, पिशवीत तोंड घालतात. आज एकही जवळ आलं नाही. ती थोड्या अंतरावर उभी होती आणि चिनात्सुकडे बघत होती. चघळणंसुद्धा थांबलं होतं.

"आज अशी काय बघताहेत?" मी विचारलं.

"चला, उठा," इसोए म्हणाली. इतकी वर्षं हरणांत काढलेली ती बाई, तिचे ओठ पांढरे पडले होते.

मंदिराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगडी दिवे आहेत, माणसाहून उंच, शेवाळलेले. पाऊस नव्हता, पण झाडांवरून थेंब पडत होते. दिव्यांच्या मागून आमच्याबरोबर कोणीतरी चालत होतं. खुरांचा हलका आवाज. आम्ही थांबलो की थांबायचा, निघालो की सुरू. मी दोनदा वळून पाहिलं, दिव्यांच्या फटीतून नुसतं धुकं. चिनात्सुने मात्र एकदाही मागे पाहिलं नाही. दोन्ही हात पोटाखाली धरून चालत राहिली. मी भित्री नाही, नवऱ्याच्या प्रेताशेजारी एकटी बसलेली बाई आहे. पण तेव्हा मला भीती वाटली, आणि ती कशाची हे धड सांगता येईना.

मंदिरात नमस्कार झाला. इसोएने आम्हाला मागच्या बाजूला नेलं, जिथे वाट संपून नेचे सुरू होतात. हरिणी तिथे आधीच उभी होती. डावा कान टोकापासून मुळापर्यंत चिरलेला. आमचीच वाट बघत असल्यासारखी.

इसोएने चिनात्सुच्या हातात बिस्किट दिलं. "वाक."

"आई, कशाला?"

"वाक म्हणते ना!"

चिनात्सु वाकली. हरिणीने बिस्किटाकडे बघितलंही नाही. ती पुढे आली आणि तिने नाक थेट चिनात्सुच्या पोटाला लावलं, नव्या पट्ट्याच्या गाठीवर. हुंगू लागली. इकडून, तिकडून, पुन्हा गाठीवर. तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, दुसरा कुठलाच आवाज रानात नव्हता. मला वाटलं आता ती थांबणारच नाही. मग तिने मान फिरवली आणि नेच्यात निघून गेली.

इसोए ओल्या मातीत बसली. "तशीच गेली," ती म्हणाली. "त्या दिवशी गेली होती तशीच."

"कुठल्या दिवशी?" चिनात्सुने विचारलं.

मी इसोएचा खांदा दाबला, पण आता ती थांबणार नव्हती. पिल्लू, वास, फाटका कान, रोजच्या पहाटा, सगळं बाहेर पडलं. चिनात्सु उभ्या उभ्या ऐकत होती. हातातलं बिस्किट चुरून तिच्या बोटांतून खाली पडत होतं.

"तीन वर्षं?" ती म्हणाली. "माझ्या घरी येऊन लोणची ठेवून जायचात. कपाळावर हात ठेवायचात. आणि मनात हे? मी मारलं माझं बाळ?"

"मी कधी बोलले का तुला?"

"बोलला असतात तर बरं झालं असतं! भांडले तरी असते तुमच्याशी!" तिचा आवाज फाटला. "आता ऐका. हेही परवापासून हलत नाहीये. तुमच्या हरिणीला आधीच कळलं. झालं समाधान?"

मी टॅक्सी बोलावली. दवाखान्यात चिनात्सुने माझं मनगट धरून मला आत नेलं. इसोए दाराबाहेर बाकावर बसली, मातीने भरलेल्या कपड्यांनी. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत होत्या. एकीकडे, दुसरीकडे, खाली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर मला एकाही देवाचं नाव आठवेना.

आणि मग आवाज आला. भरभर, धापा टाकत पळणाऱ्यासारखा.

"तुमच्या पाठीकडे वळून बसलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून कळत नाही. तब्येत छान आहे."

चिनात्सु म्हणाली, "मावशी, दार उघडा. त्यांनाही ऐकू दे."

इसोए उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. मला वाटलं हात जोडेल, रडेल, पाया पडेल. ती नुसती ऐकत होती.

"पण ती तर तोंड फिरवून गेली," ती म्हणाली.

"हरीण आहे ते, इसोए," मी म्हटलं. "हुंगतं आणि जातं."

तिने सुनेकडे पाहिलं, आणि तिचा सगळा चेहरा एकदम खचला. "मग पहिलं का गेलं?"

चिनात्सुने डोळे मिटले.

"मला नाही माहीत, आई," ती म्हणाली. "मीही रोज हेच विचारते."