झेंडा खालीच राहिला

मॅच जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्याच संत्र्यांच्या ढिगापाशी अडकून बसलो होतो, अन् सहा जण माझ्याभोवती बसून त्या मॅचचा कीस पाडून राहिले होते. आमच्या पांढुर्ण्याकडे माल तोडला की छाटायला एकमेकांच्या बागेत जातात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ढिगाभोवती गोल करून बसायचं, मोठं फळ एका कॅरेटमध्ये, मधलं दुसऱ्यात, बारकं तिसऱ्यात, अन् ट्रक भरेपर्यंत उठायचं नाही. त्या दिवशी माल माझा, ट्रक माझ्यासाठी उभा, अन् हे सहा जण माझ्यासाठीच सकाळपासून आलेले. त्यांना गप्प बसा म्हणायची सोय नव्हती. उठून जावं तर कुठं जाणार, बाग माझीच.

मॅच सौंसरशी होती. शेजारचंच गाव, आता दोघांचा मिळून नवा जिल्हा झाला, पण फुटबॉलच्या मैदानावर अजून दोनच आहेत. हाफटाइमला आम्ही दोन गोलांनी मागं होतो अन् शेवटी तीन-दोननं जिंकलो. गाव नुसतं हवेत होतं. मी काही खेळाडू नाही, माझं पोट पाहिलं तरी कळेल. मी लाइनमन होतो. आमच्याकडे दोन्ही टीम आपापला एक माणूस लाइनवर देतात. हाफटाइमला टीम बाजू बदलतात, लाइनमन जागचे हलत नाहीत. म्हणजे पहिल्या हाफमध्ये माझ्या बाजूला आमचा गोल होता, दुसऱ्या हाफमध्ये सौंसरचा. अन् सौंसरच्या गोलात उभे होते माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. अठरा वर्षं झाली, ती जागा त्यांचीच.

"पहिल्या हाफमध्ये आपले पोरं खेळलेच नाही," पीटीचे सर म्हणाले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशात असते. "मी हाफटाइमले सांगितलं, मधात गर्दी करू नका, बाजूनं काढा. तिथून मॅच फिरली."

"सर, हाफटाइमले तुम्ही भजे खाऊन राहिले होते," पंक्चरवाला म्हणाला. बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे, अन् गावातली प्रत्येक मॅच तो तिथं दोनदा खेळतो. "मॅच फिरली कारण त्यांचा दम संपला. दुसऱ्या हाफमध्ये पाय उचलत नव्हते."

"दम नाही अन् काही नाही," माझा शेजारी बागवाला म्हणाला. "मॅच फिरवली त्यांच्या गोलकीपरनं. बॉल समोरून चालला अन् हा हात वर करून उभा. जसा शाळेत हजेरी देऊन राहिला."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्याच भाऊजींवर मी दात काढून हसलो, अन् हातातलं मोठं संत्रं बारक्यांच्या कॅरेटमध्ये टाकलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

आता खरं सांगतो. पहिल्या हाफमध्ये सौंसरनं दुसरा गोल केला तेव्हा आमच्या लोकांनी ऑफसाइड ऑफसाइड म्हणून गोंधळ घातला होता. नव्हता ऑफसाइड. मी झेंडा उचलला नाही. मग माझ्या मागं उभे असलेले आमचेच लोक सुरू झाले. सौंसरचा साळा म्हणाले. बहिणीचं घर सांभाळून राहिला म्हणाले. माझं डोकं तसंही लवकर तापतं, अन् त्या दिवशी तर अर्धा तास ते ऐकून घ्यावं लागलं, कारण लाइनमनला लाइन सोडता येत नाही. मी मनात म्हणालो, थांबा लेकहो, दाखवतो मी कोणाचा आहे ते.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एक गोल फेडला. मग मधून एक लांब बॉल आला. आमचा पोरगा त्यांच्या शेवटच्या गड्याच्या चांगला दोन हात पुढं होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. भाऊजींना दिसलं, त्यांनी हात वर केला अन् माझ्याकडे पाहिलं. बॉलकडे नाही, माझ्याकडे. माझा हात कमरेपर्यंत आला होता, देवाशपथ आला होता. तेवढ्यात मागून कोणीतरी पुन्हा ओरडलं, "ए साळ्या", अन् माझा हात तिथंच राहिला. बॉल भाऊजींच्या बाजूनं आरामात आत गेला. रेफ्रीनं माझ्याकडे पाहिलं, झेंडा खाली होता, त्यानं गोल दिला. दोन-दोन झाले. तिसरा गोल मग आपोआपच आला, कारण सौंसरची पोरं खेळायचं सोडून आपल्याच गोलकीपरशी भांडत होती.

"मॅन ऑफ द मॅच तर आपला लाइनमन," पंक्चरवाला म्हणाला अन् माझ्या मांडीवर थाप मारली. "पहिल्या हाफमध्ये याले शिव्या देल्ल्या, मी पण देल्ल्या. मागं घेतो बापा."

"लेव्हल होता न तो? त्यांच्या शेवटच्या गड्याच्या बरोबरीत?" सरांनी विचारलं. सर नियमाचे पक्के आहेत. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते.

"लेव्हल होता," मी म्हणालो.

"मंग नसते ऑफसाइड," सर म्हणाले, अन् विषय संपला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पुढची पाच मिनिटं मी खरंच मानून चाललो होतो की तो लेव्हल होता.

मग फोन वाजला. कॅरेटवर ठेवला होता, नाव सगळ्यांना दिसलं. माझे हात मातीनं भरलेले. मी म्हणालो, राहू द्या, मग करतो. पण पंक्चरवाल्याला कुठं दम. त्यानं फोन उचलला, स्पीकर लावला अन् माझ्या तोंडासमोर धरला.

"कामात आहे का तू?" भाऊजींचा आवाज आला.

"माल छाटून राहिलो, भाऊजी."

"दोन मिनिटं बोलतो. मॅच तुमचीच आहे, ती काही परत मागत नाही. पण आज संध्याकाळी आमची बैठक आहे. पोरं म्हणून राहिले का म्हातारा झाला, बॉल सोडून हात वर करते. मले काढायचं म्हणतात. मले फक्त एवढं सांग, तू तर तिथंच उभा होता. ऑफसाइड होता का नव्हता? तू होता म्हटलं तर मी बैठकीत दोन शब्द बोलीन. तू नव्हता म्हटलं तर मीच हातमोजे ठेवून देतो. मले दुसऱ्या कोणाले विचारायचंच नाही."

ढिगाभोवतीचे सगळे हात थांबले. सहा जण माझ्याकडे पाहत होते. पंक्चरवाल्यानं ओठावर बोट ठेवून दुसऱ्यांना गप्प केलं. सरांनी तर आत्ताच माझ्या तोंडून ऐकलं होतं. होता म्हणालो तर गावाची जिंकलेली मॅच माझ्या तोंडानं खोटी होते, अन् संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर मी पुन्हा सौंसरचा साळा. स्पीकर बंद कर म्हणालो तरी तेच. मी त्या फोनकडे पाहत राहिलो.

"नव्हता, भाऊजी," मी म्हणालो. "लेव्हल होता."

पंक्चरवाल्यानं मला अंगठा दाखवला.

"बरं," भाऊजी म्हणाले. "तू म्हणतं तर नसन. मग मलेच दिसलं नाही नीट. डोळ्याचं पाहावं लागन." अन् मग, "फळ कसं आहे औंदा?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

"माणूस चांगला आहे बावा," शेजारी म्हणाला, अन् पुन्हा सगळे सुरू झाले. तिसरा गोल उजव्या पायानं मारला का डाव्या, यावर ट्रक भरेपर्यंत वाद चालला. मला स्वतःची इतकी शिसारी आली होती की घरच्या संत्र्याचा वाससुद्धा नकोसा झाला.

दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळची बस धरून सौंसरला गेलो. रस्ताभर मी वाक्य जमवत होतो. भाऊजी अंगणात कापसाच्या पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. ताई चुलीपाशी होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोललो.

"भाऊजी, तो ऑफसाइड होता. दोन हात पुढं होता. मी खोटं बोललो."

त्यांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं अन् माझ्याकडे पाहून हसले. "तुले तुह्या ताईनं फोन केला होता का?"

"नाही. खरं सांगून राहिलो. सगळे बसले होते समोर, स्पीकर लावला होता, मले हिंमत झाली नाही."

"बस पहिले. पाणी घे." मला त्यांनी हात धरून बसवलं. "हे पाह, मी हातमोजे देऊन टाकले. कोणी मागितले नाही, मीच देल्ले. पोरं तक्रार लिहून राहिले होते, तुह्या नावानं. मी म्हटलं फाडा ते. ज्या माणसानं स्वतःच्या गावच्या शिव्या खाऊन सौंसरचा दुसरा गोल देल्ला, तो खोटं बोलत नसते. आता तू मले बरं वाटावं म्हणून इथपर्यंत आला, ते समजते मले. पण मी काय लहान पोरगा आहे का?"

"भाऊजी, शपथेवर सांगतो."

"शपथ नको घेऊ. खोट्या शपथा घेऊ नये."

मी ताईकडे पाहिलं. ती हात पुसत बाहेर आली, अन् मला बाजूला घेऊन हळूच पण चिडून बोलली. "दोन दिवस ते जेवले नाही. कालपासून जरा बोलून राहिले, चूक आपलीच होती म्हणून मन शांत केलं त्याईनं. तू आला अन् पुन्हा तेच काढलं. खरं असो का खोटं असो, मले काही ऐकायचं नाही. आता जेव अन् गप बस."

मग आम्ही जेवायला बसलो. भाऊजींचं जेवण चांगलं चाललं होतं, ताई त्यांच्या ताटाकडेच पाहत होती. मी तोंड उघडलं की तिची नजर माझ्यावर यायची. भाऊजींनी आपल्या हातानं माझ्या ताटात आणखी एक भाकर ठेवली.

"तुह्यासारखा सरळ लाइनमन आमच्याकडे एक पाहिजे होता," ते म्हणाले.

मी ती भाकर खाल्ली.