फोटो साफ आहे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली होती, आणि त्या खोलीचे राजे म्हणजे प्लास्टरमास्तर. पगार बेताचा, पण रुबाब असा की सर्जनने उठून खुर्ची द्यावी. तसा त्यांना हक्कही होता म्हणा. भिजवलेली पट्टी त्यांच्या तळव्याखाली अशी बसायची की कुठे घडी नाही, कुठे बोचणं नाही. मोडका हात घेऊन आलेला माणूस आधी डॉक्टरांकडे जायचा हे खरं, पण बरा झाल्यावर नाव काढायचा मास्तरांचं. प्लास्टर सुकलं की मास्तर त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि म्हणायचे, "जा आता. पडलास तर जमीन मोडेल, हात नाही."

नर्सिंगच्या मुली शिकायला आल्या की कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या सांगाड्यापुढे त्यांचं व्याख्यान रंगायचं. "कवटी म्हणजे पेटी, आत मेंदू. फासळ्या म्हणजे पिंजरा, आत काळीज आणि फुप्फुसं. कण्यात मणक्यावर मणका, दोन मणक्यांच्या मधे कूर्चेची गादी. मांडीचं हाड सगळ्यांत लांब, कानातलं सगळ्यांत चिमुकलं. आणि पोरींनो, हाड म्हणजे दगड समजू नका. जिवंत असतं ते. आतल्या मगजात रक्त तयार होतं. मोडलं तर स्वतःला स्वतःच सांधतं, आपण फक्त हलू द्यायचं नाही." मुली माना डोलवायच्या. "मास्तर म्हणजे हाडाचे शिक्षक," असं एखादी म्हणालीच, तर मास्तरांना त्या दिवशी जेवण कमी लागायचं.

एवढ्या गुणी माणसाला एक खोड होती. फोटोत दिसलं तर दुखणं, नाही दिसलं तर नाटक. सुट्टी हवी म्हणून कंबर धरून येणारे, नुकसानभरपाईसाठी लंगडणारे असे नमुने त्यांनी जन्मभर पाहिले होते. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची, डोळे बारीक करून तड शोधायची आणि निकाल द्यायचा. फिल्म वाचणं हे त्यांचं काम नव्हतं, ते डॉक्टरांचं. पण इतकी वर्षं डॉक्टरांच्या खांद्यावरून डोकावून आपल्यालाही ते येतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. आणि ही समजूत दूर करायला कोणी जावं? ज्याला प्लास्टर नीट हवं आहे, तो मूग गिळून गप्प बसायचा.

त्यांची बायको शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मोठमोठी पातेली चुलीवरून उतरवायची, पिठाची पोती ओढायची, दोनशे पोरांची ताटं विसळायची. बाई कामाला वाघ. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस पातेलं उचलताना तिच्या पाठीत कळ आली. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं बघा."

"तुटायला काय ती चपलेची पट्टी आहे?" मास्तर म्हणाले. तरी नवरा म्हणून त्यांनी कर्तव्य केलं. दुपारच्या सुट्टीत एक्स-रेवाल्या मित्राकडून तिच्या पाठीचा फोटो काढून घेतला, फिल्म खिडकीत धरली, वरून खाली पाहिली आणि म्हणाले, "साफ आहे. कुठे तड नाही. गॅस असेल."

डॉक्टर वरच्याच मजल्यावर बसत होते. जिना चढायचा होता, एवढंच. पण ज्याच्या हाताखालून रोज हाडं जातात त्याने बायकोच्या पाठीसाठी डॉक्टरांपुढे उभं राहायचं म्हणजे काय! मास्तर जिना चढले नाहीत.

पुढची कितीतरी वर्षं त्या घरात हेच चाललं. ती म्हणायची दुखतंय, ते म्हणायचे फोटो साफ आहे. तिला कूस बदलता येईना. खोकली की डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी तिने नोकरी सोडली तेव्हा मास्तर शेजारच्या शिंप्याला हसत म्हणाले, "आमच्याकडे आता पाठदुखी हाच पूर्ण वेळचा धंदा." ती दाराआडून ऐकत होती. शिंपी हसला नाही, सुईत दोरा ओवत राहिला.

हळूहळू तिला बाक आला. वरच्या फळीवरचे डबे तिच्या हाताला लागेनासे झाले. मास्तरांनी प्रेमाने फळी खाली ठोकून दिली, आणि वर सुनावलं, "मान खाली घालून बसायची सवय, दुसरं काय. ताठ चाल जरा!" एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण ती समोरून गेली की दोन खांद्यांच्या मधे तळहाताने थाप मारायची त्यांना सवयच लागली. "कणा सरळ!" थाप हलकीच असायची. तिच्या तोंडून मात्र दरवेळी श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा, आणि मास्तर म्हणायचे, "झालं सुरू!"

परगावी दिलेली मुलगी फोनवर चिडायची. "बाबा, आईला एकदा डॉक्टरांना दाखवा ना."

"मी काय तिथे इतकी वर्षं गवत कापतोय?"

मुलगी फोन ठेवून द्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण दिव्याला सांगणार कोण?

त्या बाईला फार काही नको होतं. औषधसुद्धा नंतर नंतर तिने मागणं सोडलं होतं. नवऱ्याने एकदा, फक्त एकदा म्हणावं, हो, तुझं दुखतंय. रोज परक्या माणसांच्या मनगटाखाली उशी सरकवणारा हा माणूस घरात एवढं एक वाक्य बोलायला तयार नव्हता, याचा तिला पाठीपेक्षा जास्त त्रास व्हायचा.

एका सुट्टीच्या सकाळी मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बादलीत भिजलेली चादर होती. ती म्हणाली, "एवढी दोरीवर टाकता का? मला नाही पेलायची."

"चादर आहे, रणगाडा नाही," मास्तर म्हणाले. "तुझं नाटक पुरे आता."

ती वाकली. चादर उचलली. दोरीकडे वळताना पाय कुठे अडखळला नाही, घसरला नाही. नुसती वळली आणि कोसळली. मास्तर वैतागून उठले, "आता हे काय नवीन?" असं म्हणतच जवळ गेले, आणि तिच्या पायाकडे बघून जागच्या जागी थिजले. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला लोळत होतं. असं पाऊल त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. खुबा मोडला होता. फोटोची गरज नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोवर विश्वास ठेवला, आणि तोही तिच्यावर नाही, तिच्या पायावर.

हॉस्पिटलात मास्तरांची बायको म्हटल्यावर सगळे धावले. नव्या डॉक्टरबाईंनी खुब्याबरोबर पाठीचाही फोटो काढायला सांगितला. फिल्म प्लास्टरच्या खोलीतल्या उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा तिथे मास्तर होते, एक्स-रेवाला मित्र होता, शिकाऊ मुली होत्या, आणि स्ट्रेचरवर ती होती.

"खुबा आज मोडला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे बघा. हे मणके पुढच्या बाजूने चेपलेत, पाचरीसारखे. एक नाही, चार. हे आजचे नाहीत, जुने आहेत." मग मुलींकडे वळून सांगू लागल्या, "शरीर हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधतं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये मोडणं वाढतं, बांधणं मागे पडतं. आतली जाळी विरळ होत जाते. आणि फसवणूक अशी, की जवळजवळ एक तृतीयांश हाड जाईपर्यंत साध्या फोटोत काही कळतच नाही. फोटो साफ दिसतो. म्हणून रुग्ण काय सांगतो ते ऐकायचं, आणि हाडांची घनता तपासायची. वेळेवर कळलं तर औषधं आहेत." त्या स्ट्रेचरपाशी आल्या. "आजी, पाठ कधीपासून दुखते?"

मास्तरांनी पेटीवरची फिल्म उगाच सरळ केली. मित्र जमिनीकडे बघू लागला.

"नाही हो," ती म्हणाली. "तशी दुखत नव्हती."

"चार मणके बसले आणि दुखलं नाही? आधी कधी फोटो काढला होता?"

"नाही."

"घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणालाच नाही."

डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "कमाल करता! घरात एवढा जाणकार माणूस, आणि तुम्ही अंगावर काढलंत? एका शब्दाने सांगितलं असतंत, तर यांनी तुम्हाला त्याच दिवशी वर आणलं असतं."

मुलींनी कळवळून मास्तरांकडे पाहिलं. बिचारे मास्तर! तोंड उघडायची वेळ हीच होती. मास्तरांनी तोंड उघडलंही. मग कोपऱ्यातल्या सांगाड्याशेजारी उभी असलेली, त्यांची सगळ्यांत आवडती विद्यार्थिनी त्यांना दिसली, आणि त्यांनी ते परत मिटलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, हाड इतकं पोकळ आहे की आत बसवलेला खिळा धरेल की नाही सांगता येत नाही. काठी घेऊन चार पावलं टाकली तर नशीब.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात दोघंच होती. मास्तर कॉटजवळ स्टुलावर बसले होते. बराच वेळ त्यांनी चादरीची कड नीट केली. मग म्हणाले, "खोटं का बोललीस?"

ती छताकडे बघत होती.

"मी सांगतो त्यांना," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आज संध्याकाळीच सांगतो. फोटो मी बघितला होता. तू दरवेळी सांगत होतीस, मीच..."

"सांगू नका."

"अगं, पण माझ्या मनाला..."

"तेच म्हणते. सांगून तुमचं मन हलकं होईल. माझं काय हलकं होणार आहे?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "इथे सगळे तुमच्या शब्दाला मान देतात, म्हणून मला वेळेवर बघतात. तो मान गेला तर मला कूस कोण बदलून देणार? तुमच्यासाठी नाही बोलले मी. माझी सोय बघितली. आता ते भांडं द्या."

मास्तरांनी कॉटखालून भांडं काढलं. एक हात तिच्या कंबरेखाली घातला, दुसरा पाठीखाली, परक्या रुग्णांना उचलायचे तसा, जपून. बोटांना मणक्यांचे उंचवटे लागले. ती लाकडासारखी ताठ झाली आणि तिने कॉटची कड पकडली.

"दुखतंय का गं?" मास्तरांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

"नाही," ती म्हणाली. "काही दुखत नाही."