मिशीवाला डॉक्टर

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले माझे शेजारी काका मी काहीही विचारलं तरी मान डोलावत "हव, हव" म्हणून मोकळे होतात. भनपुरीच्या रोलिंग मिलच्या गोंगाटात त्यांचे कान गेले आणि ओठ वाचायची सवय लागली. भरपाईसाठी कंपनीच्या डॉक्टरनं समोर बसून प्रश्न विचारले, तर यांनी ओठ बघून फटाफट उत्तरं दिली. कान ठणठणीत ठरले!

"आता कानाचा डॉक्टर मीच निवडतो." राजधानी झाल्यापासून रायपुरात दवाखाने उदंड, काका सगळीकडे डोकावले. "मले डिग्री नाही, मिशी पाह्यजे. तुझ्यासारखी, ओठ झाकणारी."

तसा डॉक्टर सापडला, बहिरेपणा सिद्ध झाला. पण परतल्यावर काका म्हणाले, "एक शब्द समजला नाही रे. इतका बहिरा झालो मी?"

मी आधी घरी जाऊन मिशी कातरली.