परबांचा मुलगा आणि सुवर्णाची नोकरी

“आधी कंत्राटी माणसं काढा, मॅडम. आमच्या एकालाही हात लावलात तर काम बंद!” युनियनचे परब माझ्या केबिनमध्ये उभे राहून बोलत होते आणि लॅपटॉपवर डेन्मार्कहून लार्स, आमचे बडे साहेब, ताटकळत होते.

मुलुंडच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी एचआर बघते. ऑर्डरी आटल्या होत्या. माणसं कमी करा, असा वरून हुकूम आला होता. पहिली कुऱ्हाड पडणार होती सुवर्णा तांबेवर. असेंब्लीत तिच्याइतका तयार हात दुसरा नाही. तिच्या पगारावर आई आणि मुलगी जगतात. पण सुवर्णा कंत्राटी.

सलग काम केलं की माणूस परमनंट होण्याचा हक्क मागू शकतो. म्हणून ठेकेदार त्याला मध्येच काही दिवस घरी बसवतो आणि पुन्हा घेतो. याला ‘ब्रेक’ म्हणतात. सुवर्णाची सगळी उमेदीची वर्षं असे ब्रेक सोसण्यात गेली. मला त्याची चीड येते.

लार्सना हे समजेना. “परमनंट करा. गरज संपली की काढा. आम्ही तेच करतो.”

“तुमच्याकडे काढलेल्याला भत्ता मिळतो, सरकार नवं काम शिकवतं,” मी म्हटलं. “इथे तो थेट रस्त्यावर येतो. म्हणून युनियन एकही परमनंट नोकरी जाऊ देत नाही. परमनंट माणूस काढता येत नाही म्हणून मालक कुणाला परमनंट करत नाही. मरते सुवर्णा.”

“मग काय करायचं?”

“तुमच्या शेजारी जर्मनीत करतात तेच. कुणालाच काढायचं नाही. सगळ्यांच्या पाळ्या थोड्या कमी करायच्या.”

“तिथे बुडालेल्या पगारातला वाटा सरकार देतं.”

“इथे कंपनीने द्यावा. ऑर्डरी परतल्यावर तयार हात कुठून आणणार?”

लार्सनी कागदावर आकडेमोड केली. मग म्हणाले, “युनियनची सही आणा. मी बघतो.”

मी परबांकडे वळले. ते उसळलेच. “आमच्या पाळ्या कापून ठेकेदाराची माणसं पोसायची? युनियनची पोरं मला दारात उभं करणार नाहीत!”

“परब, तुमचा मुलगा अंधेरीच्या गोदामात आहे ना? परमनंट झाला?”

ते खुर्चीत बसले. “घरीच आहे. ब्रेक दिलाय.”

“तिथल्या युनियनने त्याच्यासाठी काय केलं?”

“काय करणार? त्यांचा मेंबर नाही ना तो.” एवढं बोलून ते थांबले. “सुवर्णाही तुमची मेंबर नाही,” मी म्हटलं.

“उद्या गेट मीटिंग लावतो,” शेवटी ते म्हणाले. “पण बोलायचं तुम्ही. शिव्या पण तुम्हीच खायच्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मी त्या पोटभर खाल्ल्या. दुपारपर्यंत सही झाली. मंदी सरेपर्यंत सगळ्यांनी कमी पाळ्या केल्या, कंपनीने वाटा उचलला आणि एकही माणूस गेला नाही.

सुवर्णा अजून परमनंट झालेली नाही. ते भांडण मी सोडणार नाही. मंदी डेन्मार्कमध्येही येते आणि मुलुंडमध्येही. तिचा भार कुणाच्या डोक्यावर टाकायचा, हे मात्र माणसंच ठरवतात.