तीन टाळ्यांची जागा

माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव वेळेवर मांडवात पोहोचला नाही, याचं एकमेव कारण म्हणजे मला संगीतातलं कळतं.

निदान तोपर्यंत तसा माझा समज होता. मी माधवनगरला राहतो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे आणि आमच्या श्रोता मंडळाचा चिटणीस आहे. मंडळाचे अकरा सभासद आहेत. (त्यातले चार चहासाठी येतात. चहा खरंच चांगला असतो.) दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जुनी नाट्यपदं ऐकतो आणि मग नव्या गाण्यांना नावं ठेवतो. पहिल्या कामाला अर्धा तास लागतो. दुसऱ्याला संध्याकाळ पुरत नाही.

गेली पाच वर्षं आमच्या तावडीत एकच नाव होतं: रिवा. ही पॉप गायिका. वय माझ्या मुलीएवढं, केसांचा रंग दर गाण्याला नवा. रिक्षात रिवा, रसवंतीगृहात रिवा, हळदीच्या वखारीत पोती शिवणाऱ्या बायकांच्या तोंडीसुद्धा रिवा! तिच्या एका गाण्यानं तर उच्छाद मांडला होता. 'उशीर झाला, झाला तर झाला!' हे त्याचं ध्रुपद. त्यावर तीन टाळ्या. बस्स. संपलं काव्य!

'रिवा सगळ्यांनाच का आवडते?' या विषयावर मी मंडळात व्याख्यानही दिलं होतं. सात कारणं सांगितली. पहिलं जाहिरात, दुसरं केस, मधली आता आठवत नाहीत, सातवं समाजाची घसरण. आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. दोघे चहा सांगायला गेले होते.

घरी मात्र माझं व्याख्यान चालत नसे. आमची स्नेहल रिवाची भक्त.

"अण्णा, सगळ्यांना आवडतं म्हणजे ते वाईटच असतं का?"

"सगळ्यांना सर्दीही होते!" मी म्हणायचो.

स्नेहलचं लग्न ठरलं ते कराडजवळच्या एका गावात. जावईबापू विक्रम सैन्यात, आणि व्याही निवृत्त सुभेदार. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून घोडीवर बसून वाजतगाजत मांडवात येतो. याला परण्या म्हणतात. लग्न माधवनगरला, म्हणून बँड आणि घोडी आमच्याकडे. स्नेहलनं दागिना मागितला नाही, शालू मागितला नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, परण्याला ते गाणं वाजू दे. एकदाच."

मी म्हणालो, "माझ्या दारात नाही."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. ते "बरं" मला जरा बोचलं. पण संगीताचा प्रश्न होता!

मी तडक हसन मास्तरांकडे गेलो. हसन मास्तर म्हणजे आमच्या भागातले बँडवाले. त्यांचे वडीलही बँडवालेच. माधवनगरात निम्मी लग्नं यांच्या क्लॅरिनेटवर लागलेली आहेत, माझंही त्यातच. मी त्यांना पाच नाट्यपदांची यादी दिली आणि म्हणालो, "रिवा चालणार नाही."

"न्हाई वाजवत," मास्तर म्हणाले.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी पाटबंधारे खात्यातला माणूस. कागदाशिवाय पाणी सोडलं नाही कधी! मी खिशातून स्टॅम्प पेपर काढला. त्यावर कलमं टाईप करून आणली होती. कलम एक: सदर गायिकेचे कोणतेही गाणे कोणत्याही वाद्यावर वाजविले जाणार नाही. कलम दोन: सदर करार तोंडी सांगून बदलता येणार नाही, विशेषतः मुलीकडील कोणीही सांगितल्यास. (दुसरं कलम स्नेहलसाठी होतं. ती गोड बोलून मास्तरांना फितवेल अशी मला धास्ती होती.)

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "आवं सायेब, तीस वर्सं शब्दावर वाजवतोय. कागद पयल्यांदाच."

"नियम म्हणजे नियम, मास्तर."

"व्हय. नियम म्हंजी नियम," असं म्हणून त्यांनी सही केली. ती सही करताना ते हसले होते, हे मला फार उशिरा आठवलं.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेअकराला नवरदेव मारुतीच्या देवळातून बाहेर आले आणि घोडीवर बसले. घोडीचं नाव चांदणी. पांढरीशुभ्र, कपाळावर झालर, मालक दत्तू लगाम धरून उभा. देऊळ ते मंगल कार्यालय पायी दहा मिनिटांची वाट. पुढे बँड, मागे वऱ्हाड, बाजूला आमचं श्रोता मंडळ झाडून हजर. मी फेटा सावरून हात वर केला. हसन मास्तरांनी पहिलं नाट्यपद सुरू केलं. काय सूर! आमच्या अध्यक्षांनी डोळे मिटले.

चांदणीनंही डोळे मिटले. आणि जागची हलली नाही.

"दत्तू, चल की!"

"मी चाललोय सायेब. ती चालंना."

मास्तरांनी दुसरं पद घेतलं. मग तिसरं. तिसऱ्याला तर चांदणीनं एक पाय दुमडून विश्रांती घेतली. आम्ही तिला गूळ दिला. (सांगलीचा, पिवळाधमक!) तिनं गूळ खाल्ला. माझ्या मेहुण्यानं मागून ढकलायचा विचार केला आणि तिच्या मागच्या पायांकडे पाहून तो सोडून दिला. बघता बघता बारा पाच झाले! मागे सांगलीची सिटी बस अडकली. तिच्यामागे उसाचा ट्रॅक्टर. हॉर्नचा असा काही कल्लोळ, की नाट्यपद कुठलं आणि ट्रॅक्टर कुठला ते कळेना.

"दत्तू, हिला झालंय काय?"

दत्तूनं मान खाली घातली. "सायेब, खरं सांगू का? दोन वर्सं झाली, हरेक परण्याला पयलं गाणं रिवाचंच वाजतंय. हिला तीच सवय. सबंद कडवं ऐकती, मग तीन टाळ्या झाल्या की तिसऱ्या टाळीला पाऊल टाकती. त्याबिगर न्हाई."

मला वाटलं फेट्याखाली माझं डोकं तापून फुटणार. "मग विक्रमराव, तुम्ही उतरा. चालत जाऊ!"

यावर आमचे व्याही सुभेदार पुढे आले. "उतरायचं न्हाई! परण्याला निघालेला नवरदेव आमच्यात मधी उतरत न्हाई. अपशकुन असतोय. विक्रम, हलू नगं!"

"हलत न्हाई, बाबा," वर बसलेले जावईबापू म्हणाले. हलण्याचा तसा प्रश्नच नव्हता.

बारा दहा. कार्यालयातून बायकोचा, सुमनचा फोन. "अहो, कुठे आहात? भटजी म्हणतायत हा मुहूर्त चुकला तर पुढचा सव्वासहाला. एवढं वऱ्हाड घेऊन बसू काय मी तोवर? आणि स्नेहलचा चेहरा बघवत नाही हो."

त्या शेवटच्या वाक्यानं मी गळालो. मान झुकवून हसन मास्तरांपुढे उभा राहिलो. "मास्तर, वाजवा ते गाणं."

मास्तरांनी शांतपणे कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची झेरॉक्स काढली. "कलम दोन. तोंडी सांगून करार बदलता येणार न्हाई. इसेस करून मुलीकडच्या कुनी सांगितलं तर. आवं, तुमी मुलीकडचेच की वो!"

"अहो मास्तर, मीच लिहिलंय ते!"

"म्हनून तर. शिकल्याल्या मानसानं लिवलेलं मी अडानी कसं मोडू?" तीस वर्षांच्या शब्दाचा हिशेब माणूस भर चौकात चुकता करत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा तो हक्कच होता.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. "माज्या मोबाईलवर हाय की ते गाणं!" त्यानं लावलं. हॉर्नच्या गदारोळात ते चांदणीच्या कानापर्यंत जेमतेम पोहोचलं. तिचा डावा कान हलला. फक्त कान! वऱ्हाडात आशेची लाट आली. लोक ओरडले, "उशीर झाला, झाला तर झाला!" आणि टाळ्या वाजवल्या. चांदणी ढिम्म.

"आसं मधनंच न्हाई चालत," दत्तू कळवळून म्हणाला. "कडव्यापास्नं पायजे. मोठ्यानं. हाय का कुनाला पाठ?"

दोनशे माणसं. सगळ्यांना ध्रुपद येत होतं. कडवं कुणालाच नाही. बारा पंधरा.

तेवढ्यात हसन मास्तर माझ्या कानाशी आले. "सायेब, कलम एक नीट वाचा. 'कोणत्याही वाद्यावर.' गळ्याचं काय लिवलं न्हाई तुमी."

आणि मग ते घडलं. मी चांदणीच्या तोंडासमोर उभा राहिलो, डोळे मिटले आणि रिवाचं गाणं पहिल्या अक्षरापासून गायलो. एक शब्द अडला नाही. हरकतींसकट! मधे ती रिवा एक उसासा टाकते, तोही टाकला.

कसं पाठ होतं? सांगतो, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. स्नेहल सांगलीला कॉलेजात जायची तेव्हा रोज सकाळी मी तिला स्कूटरवरून सोडायचो. तीन वर्षं. मागे बसून ती हेच गुणगुणायची, थेट माझ्या मानेपाशी. मी रोज म्हणायचो, "बंद कर गं ते!" आणि ती रोज थोडा वेळ बंद करायची. नोकरी लागल्यावर ती बसनं जायला लागली. पहिल्या दिवशी मी एकटाच स्कूटरवरून बाजारात गेलो, तेव्हा मानेपाशी अगदी शांत होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं. हे मी मंडळात कधी बोललो नाही.

कडवं संपलं. "उशीर झाला, झाला तर झाला!" वऱ्हाडानं पहिली टाळी दिली. दुसऱ्या टाळीला बसमधले प्रवासी सामील झाले. तिसऱ्या टाळीला चांदणीनं पाऊल टाकलं!

थांबायची सोय नव्हती. मी थांबलो की ती थांबायची. म्हणून मी तिच्यापुढे उलटा चालत, फेट्याचा शेमला सावरत, गात राहिलो. सुभेदार कवायतीच्या शिस्तीत टाळ्या देत होते. बसच्या ड्रायव्हरनं तीन हॉर्न दिले, बरोब्बर जागेवर. आणि आमचे अध्यक्ष! सत्तर वर्षांचा तो कट्टर माणूस टाळ्या वाजवत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चिटणीस, मध्यलयीत घ्या. छान बसतंय." क्लॅरिनेट काखोटीला मारून हसन मास्तर शेजारून चालत होते. दोन कडव्यांच्या मधे मी धापा टाकत त्यांना विचारलं, "मास्तर, काय आहे हो या पोरीच्या गाण्यात?"

"काय न्हाई सायेब. तुमचं नाट्यपद लय मोठं. पर त्यात सगळी जागा गानाऱ्याची. आमी नुसतं मान हलवायची. ही पोरगी तीन टाळ्यांची जागा मोकळी सोडती. तितं कुनीबी येऊन बसतंय. तुमी, मी, घोडी."

माझ्या सात कारणांत हे नव्हतं.

बारा बत्तीसला आम्ही कार्यालयाच्या दारात होतो. उतरणं, ओवाळणं, कानपिळणी यात मुहूर्त आठ मिनिटांनी चुकलाच. पण भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झाला तर झाला!" सगळा मांडव तीन टाळ्या वाजवून मोकळा.

अंतरपाटाआड स्नेहल उभी होती. तिला माझा आवाज रस्त्यापासून ऐकू येत होता. डोळे भरलेले, पण तोंडावर हसू. मी जवळ गेलो तशी हळूच म्हणाली, "अण्णा, दुसऱ्या कडव्यात एक ओळ गाळलीत."

"तू स्कूटरवर तीच गाळायचीस," मी म्हणालो. "शिवाजी पुतळ्यापाशी. तिथे तू मैत्रिणीला हात करायचीस."

ती रडली, मी रडलो, सुमननं दोघांना दटावलं आणि मग तीही रडली. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती नाकारली होती. ती मिळाली ती एका घोडीच्या हट्टानं आणि एका बँडवाल्याच्या खोडीनं. मी दोघांचा ऋणी आहे. त्या रिवाचाही, जिचं गाणं मी तिच्या तोंडून एकदाही नीट ऐकलेलं नाही. माझ्यापर्यंत ते माझ्या लेकीच्या आवाजात आलं. मला वाटतं, सगळ्यांपर्यंत ते असंच कुणा आपल्या माणसाच्या आवाजात जात असावं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे आठवं कारण म्हणून सांगितलं. चहासाठी कुणीही उठलं नाही.

हसन मास्तरांनी तो करार फ्रेम करून दुकानात लावला आहे. माझी त्याला हरकत नाही.

परवा दत्तूचा फोन आला. मला वाटलं, खुशाली विचारतोय.

"सायेब, ह्या रविवारी मोकळं हायसा का? आष्ट्याला परण्या हाय."

"मला कशाला रे? आता तर रिवाचं गाणं बँडवर वाजवता येतं!"

"वाजवून बगितलं की. दोन लग्नं झाली," दत्तू रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुमच्या आवाजाबिगर ती आता पाऊलच उचलंना!"

आयुष्यभर मी लोकांची अभिरुची सुधारायला झटलो. शेवटी माझा एक चाहता तयार झाला, आणि तो गूळ खातो. रविवारी मंडळाची बैठक आहे. मी रजा टाकली आहे.