शैलाच्या गाडीतला नारिंगी दिवा

घरात आजारपण आलं की येणारा-जाणारा औषध सांगून जातो. जुन्या गाडीचं त्याहून वाईट. आजाऱ्याला निदान कुणी शिव्या तरी घालत नाही! आमच्या पेट्रोल गाडीत इंजिनाचा नारिंगी दिवा लागला आणि मंचरला दिनकरच्या गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर एवढे किस्से साचले, की आता ते सांगितल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

गाडी मूळची माझ्या थोरल्या भावाची, नानांची. त्यांनी नवी घेतली आणि ही माझ्या बायकोला, शैलाला वापरायला दिली. शैला शिनोलीच्या वर एका वाडीत शिक्षिका आहे. शाळेत ती एकटीच. एसटीने गेलं तर पोचेपर्यंत पोरं कंटाळून घरी गेलेली असतात. म्हणून चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली.

दिवा लागला, गाडी चढाला गचके खाऊ लागली, पेट्रोल दुप्पट पिऊ लागली. नानांनी लगेच जाहीर केलं, "पाडव्यापर्यंत दिवा गेला न्हाई तर किल्ली परत. गिऱ्हाईक तयार हाय माझ्याकडं."

* * *

पहिलं निदान बाकड्यावरच झालं. बॉनेटसुद्धा न उघडता!

"बाईमाणूस क्लचवर पाय ठिवून चालवतं भाऊ, म्हणून दिवा लागतो," दिनकर म्हणाला. बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडीत बसलेल्या शैलाला हे सगळं ऐकू येत होतं.

तिने काच खाली केली. "दिनकरभाऊ, मघाशी तुमचा टेम्पो ढकलत आणला ना? तो कोण बाई चालवत होती?"

* * *

मग दिनकरने बॅटरीची तार काढली, चहा प्यायला, तार परत लावली. दिवा गायब!

"झालं काम. लई किरकोळ व्हतं."

घोडेगाव ओलांडायच्या आत दिवा परत हजर. दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो तर दिनकर माझ्यावरच उखडला.

"गेला व्हता का न्हाई? मग! मी घालवला व्हता. तुमी परत लावला, त्याला मी काय करू?"

* * *

तिसऱ्या खेपेला त्याने गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली. संध्याकाळी शैला स्टिअरिंगवर बसली, किल्ली फिरवली. दिवा नाही. ती खूश झाली. मी जरा वाकून पाहिलं. दिव्याच्या जागी काळी टिकली चिकटवलेली!

मी नखाने ती काढली. खाली दिवा व्यवस्थित जळत होता.

"अरे, ही काय रिपेअरी झाली?"

"राव, तुमची तक्रार दिव्याचीच व्हती ना?" दिनकर म्हणाला. "आमच्या मिसेसच्या पाकिटातली हाय. पैशे न्हाई लावले तिचे."

* * *

शेवटी मी गाडी आळेफाट्याला नेली. तिथे एका इलेक्ट्रिशियनकडे स्कॅनर आहे. त्याने वायर जोडली, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेला."

हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीवर, इंजिनाजवळ बसतो. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडतो. निरोप आला नाही की अंदाजाने सोडतो. हे मी रात्री मोबाईलवर वाचून काढलं, कारण इलेक्ट्रिशियनने सांगायची तसदी घेतली नाही.

सेन्सर बदलला. तीन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. चौथ्या दिवशी दिवा!

"नवीन सेन्सरपण गेला," तो शांतपणे म्हणाला.

"अहो, एवढ्यात कसा जाईल? वायर बघा, जोड बघा!"

"मशीन काय म्हणतं ते बघा पावणं. मशीन खोटं बोलत न्हाई. तुमची गाडीच तशी हाय."

आता मशीन म्हणतंय की सेन्सरचा निरोप येत नाही. निरोप का येत नाही, हे मशीन कुठे म्हणतंय? पोस्टमन आला नाही तर पत्र लिहिणाराच मेला असं धरायचं का? पण हे ऐकायला तिथे कुणी थांबलंच नव्हतं. तो पुढच्या गाडीला वायर जोडत होता.

* * *

"दिवा सोमवारी लागतो," एक दिवस शैला म्हणाली. "आठवडाभर कधी असतो, कधी नसतो. सोमवारी मात्र हटकून."

मी हे बाकड्यावर सांगितलं ती चूक झाली.

"गाडीलापण सोमवारी शाळेत जायचा कंटाळा येतो भाऊ!" दिनकर म्हणाला आणि बाकडं हसून हसून हललं.

मी हसलो नाही. शनिवारी संध्याकाळी गाडी अवसरीला नानांच्या शेडमध्ये जाते, सोमवारी सकाळी परत येते. नाना म्हणतात, गाडीची निगा बायकांना जमत नाही, ती ते स्वतः ठेवतात. तिथे काय होतं ते बघायला त्या रविवारी मी सकाळीच शेडवर गेलो.

बॉनेट सताड उघडं. नाना हातात गन घेऊन उभे. टोमॅटोवर औषध मारायचा एचटीपी पंप चालू, आणि गनमधून पाण्याचा जोरदार फवारा थेट इंजिनावर! पंपाच्या टाकीच्या तळाला टोमॅटोच्या फवारणीतलं मोरचुदाचं निळं पाणी अजून होतंच.

"नाना, काय करताय!"

"निगा! तुमच्यानं व्हती का?"

मी पंप बंद केला. इंजिन गार होतं. सेन्सरच्या वायरचा जोड शोधला, उकलला. आत पाणी, आणि पितळी पिनांवर हिरवट-निळा थर, बोटाने खरवडला तरी निघेना.

"नाना, हे बघा. ह्याच्यामुळं निरोप पोचत नाही."

नानांनी चष्मा वर केला, जोड हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"एवढ्या पाण्यानं टोमॅटोला काय व्हत न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे गाडीच कच्ची."

* * *

दिनकरने जोड कापून नवा बसवला, आणि दोन रविवार आम्ही गाडी शेडवर पाठवलीच नाही. दिवा गेला. एक सोमवार गेला, दुसरा गेला, दिवा नाही.

तरी पाडव्याच्या आधी नाना म्हणाले, मला खात्री करायची आहे. ते शैलाच्या शेजारी बसून शाळेपर्यंत गेले. "ब्रेक मार", "हॉर्न दे", "हळू" असं वाटभर चालू होतं. संध्याकाळी बाकड्यावर येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "गाडी एकदम ओके. मी शेजारी बसलो व्हतो ना!"

दिनकरने मान डोलावली. मला इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवून उठलो.

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा शेडवर गेली. रविवारी सकाळी शैला घरात दिसेना, म्हणून मी अवसरीला गेलो, तर नानांच्या शेडकडून पंपाचा आवाज आला. मी धावत गेलो. गाडीचं बॉनेट बंद; ते उघडायचा खटका आत, स्टिअरिंगखाली. नाना हातात गन घेऊन उभे. आणि गाडीत, स्टिअरिंगवर, काचा वर करून शैला पोरांच्या वह्या तपासत बसलेली.

"शैला, बाहेर ये. धुवायचीय. आन् किल्ली दे इकडं."

तिने बोटभर काच खाली केली.

"किल्ली लावूनच बसलेय नाना. तुम्ही धुवा ना निवांत. पाणी कुठं कुठं जातं, ते मी आतून बघते."

काच वर गेली. तिने पुढची वही उघडली.

नानांनी पंप बंद केला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, एक बादली आन् फडकं आण गं!"